दीपाची क्लिप पुसता येत नाही

४ फेब्रुवारी
दीपा स्टुडिओत आली होती. माझ्या माहेरची, देवगडची. महेशबरोबर ठरलेलं लग्न मोडलं, आता कणकवलीचं स्थळ आलंय. या आठवड्यात बघायला येणार. तिला धास्ती एकच, आम्ही केलेलं प्री-वेडिंग शूटिंग. लाटांत महेशने तिला उचललंय आणि ही खिदळतेय. यात वाईट काय? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! तिकडे कोणी दाखवलं तर हे स्थळही गेलंच.
"ताई, माझ्यासमोर पूस."
पुसायला गेले तर काँप्युटर म्हणतो, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. मी तर काहीच उघडलं नव्हतं. उद्या पुसते म्हणून तिला पाठवली. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

५ फेब्रु.
सकाळी परत तेच. काल जाताना काँप्युटर मी स्वतः बंद केला होता. मग मागाहून लावतं कोण? चावी दोघांकडेच, मी आणि सुहास. माझा दीर. कॅमेरा त्याचा, मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची काटछाट-जोडणी, माझं. आणि महेश त्याचा शाळेपासूनचा जिवलग.
विचारलं. "माका काय ठावक, वयनी? मी त्या फोल्डरात जाव कित्याक?"
डोळे मोबाइलमध्ये. मान वर करून बोलायला काय झालं होतं मेल्याला?

७ फेब्रु.
मी आत शिरले आणि सुहासने फोन कापला. "महेशाचो नाय हां." मी विचारलं होतं? चोराच्या मनात चांदणं.
ह्यांना गोव्याला फोन केला. म्हणे, "भावाक चोर म्हणतंस? देवीचो कौल घे नि गप रव." दीपाचेही दोनदा फोन. उचलले नाहीत. काय सांगणार?

९ फेब्रु.
देवीकडे गेले. गुरवाला फाइल म्हणजे काय हे समजावताना पुरेवाट. त्याला वाटलं, जमिनीची भानगड. शेवटी त्याने देवीला गाऱ्हाणं घातलं: फाइल सुहासान धरून ठेवल्यान आसात तर उजवो कौल दी. देवीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवीच पडली.
जेवताना सगळं बोलले. राग आवरला नाही. सुहास भरल्या ताटावरून उठला. "देवीन सांगल्यान? मगे मिक्सिंगय देवीकडसूनच करून घे!"
बांगडा तसाच राहिला. मलाही जेवण गेलं नाही.

१० फेब्रु.
स्टुडिओत तो माझ्या आधी हजर. नुसतं खाली बोट दाखवलं. रोज मी बंद करते तो फक्त पडदा! खालचा डबा चालूच. लग्नाचा व्हिडिओ तयार होताना मध्येच तुटू नये म्हणून डब्याचं बटण दाबायचं नाही, ही सवय माझीच. मिक्सिंगचा प्रोग्रॅम आत उघडा, त्यात दीपाची क्लिप. दुसऱ्या कुणाच्या लग्नात टाकायला मीच त्यातल्या लाटा घेतल्या होत्या. शरमेने मान खाली गेली.
प्रोग्रॅम बंद केला. पूस म्हटलं. तरी पुसेना!
मग सुहासने चालू असलेलं सगळं पडद्यावर काढलं. खाली आणखी एक, व्हिडिओ बघायचा प्लेअर. मी तो कधीच वापरत नाही. त्यात कुठली फाइल होती ते नीट वाचायच्या आत त्याने बंद केला. क्लिप गेली, कचऱ्याच्या डब्यातूनही गेली.
"तो कोणाचो?"
"जुनोच काय तरी आसात."
माफी मागायला तोंड उघडलं होतं. ती आतच राहिली. बघितलीन फक्त, की महेशला पाठवलीनही? विचारू तरी कसं, कालच एवढं बोलल्यावर?

१३ फेब्रु.
दीपा पेढे घेऊन आली. पसंती कळवली त्यांनी. एवढी खूश की मी फोन उचलले नव्हते हेही विसरली.
"ताई, आता ता शूटिंग खंयच नाय मां?"
सुहास बाजूला लेन्स पुसत होता. वर बघितलंन नाही.
"नाय गो," मी म्हटलं. खात्री असल्यासारखं म्हटलं. देवी माफ करो.
साखरपुड्याचं शूटिंग आम्हालाच दिलंय. "सुहासदादाच येतलो मां? त्याच्यासमोर माका लाज वाटणा नाय."
"येतंय," सुहास म्हणाला.
मी अजून हो म्हटलेलं नाही.