आईचं पांघरूण बेटावर पोचलं

ताई,
तुला नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मी धडधाकट आहे. आईने पाठवलेलं पांघरूण पोचलं, चांगलं उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तुला माहीतच आहे, या बेटावर वस्ती नाही. अंड्यांच्या हंगामात राखणीला मी एकटा. उंदीर इथे कधी नव्हताच, म्हणून पक्षी बिनधास्त जमिनीवर अंडी घालतात. बोटीत चढवण्याआधी प्रत्येक पिशवी बंद खोलीत उलटी करून झटकायची, असा आमचा नियम. आमचा नावाडी माझ्या चपलासुद्धा झटकायला लावतो. पण पार्सलावर आईचं अक्षर पाहून तो विरघळला. म्हणाला, "आईच्या हातची गाठ परक्याने कशाला सोडायची?" आणि तसंच आणून दिलं.

मी गाठ सोडली, तर आतून उंदरीण उडी मारून खडकांत पसार. पोट फुगलेलं होतं गं तिचं.

दोन महिन्यांत उंदरांचा नुसता सुळसुळाट झालाय. सापळे लावून लावून माझे हात सोलले. रोज सकाळी बघावं तर फुटकी टरफलं. पक्षी बेट सोडून चाललेत. नावाडी माझ्याकडे मान वर करून बघत नाही. त्याला तरी काय बोलू? मेल्याने मायेपोटी घात केला.

आईला आता काही पाठवू देऊ नकोस, काहीही कारण सांग. आणि तिने विचारलंच, की पक्ष्यांच्या एवढ्या कलकलाटात पोराला झोप लागते का, तर सांग, आता इथे अगदी शांत असतं.

तुझा,
धाकटा