माझी हरकत नाही

३ जून
"दोनच वर्षं गं ताई. माझे तिकडचे कागद झाले की घेऊन जाते हिला."
धाकटी हे बोलली तेव्हा तिची मुलगी माझ्या कडेवर होती. दोन वर्षांची, दोन्ही गालांत बिस्किट कोंबलेलं. तेव्हापासून तिचं नाव खारू. आता ती तेरा वर्षांची, नववीत आहे, आणि आज धाकटीचा परदेशातून फोन — कागद झाले! तिची खोली रंगवून ठेवलीय म्हणे. आता फक्त खारूचे कागद व्हायचेत. ते इथून, सगळ्या सही-शिक्क्यांसकट. म्हणजे ते मी करायचे.
"तुला काय गं ताई, तू प्रूफं तपासतेस. तुझ्या कागदात चूक निघणारच नाही."
खरंय.

५ जून
यादी केली. खारूचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि माझं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. पहिले दोन मुळातच सरकारी, त्यांचं फारसं काही नाही. माझं मात्र आधी नोटरी, मग जिल्हा कार्यालय, मग परराष्ट्र खातं, शेवटी त्या देशाची वकिलात. चार शिक्के. माझा शब्द पातळ आहे, त्याला चार अस्तरं लागतात.

९ जून
नोटरी जिन्याखाली बसतो. टेबलावर शिक्केच शिक्के, मधे चहाचा कप ठेवायला जागा नाही म्हणून तो मांडीवर. मसुदा त्याच्याकडे तयार असतो. पहिलं वाक्य माझं नाव, दुसरं माझा पत्ता. तिसरं — "सदर अल्पवयीन मुलीवर माझा कोणताही हक्क, दावा अथवा तिच्याशी कोणताही संबंध राहिलेला नाही."
पेन्सिल आपोआप हातात आली. म्हटलं, हक्क-दावा राहू दे. ते संबंधाचं काढता येईल का?
"बाई, छापील आहे. सगळ्यांना हेच. आजवर कुणाची तक्रार नाही."
"पण मी मावशी आहे तिची."
"मग तर घरचंच काम! शपथेवर खरं ना सगळं?"
मागे सात माणसं ताटकळत होती. हो म्हटलं. त्यानं धाडकन शिक्का मारला. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, समोर दिसणारी चूक मी तशीच सोडली.

१० जून
खारूला विचारलं, जायचंय ना तुला?
"आई आहे ना तिथे," म्हणाली आणि पुन्हा गणितात डोकं घातलं. मला उत्तर मिळालं असं मी धरलं.

१७ जून
जिल्हा कार्यालय. खिडकीतल्या कारकुनानं नोटरीची सही आपल्या वहीतल्या नमुन्याशी ताडून पाहिली, कागद उलटा केला, शिक्का. वाचलाच नाही!
"आतला मजकूर नाही बघत?"
"मजकुराशी आम्हाला काय करायचंय? सही नोटरीचीच आहे, एवढंच आम्ही सांगतो. वरचे आमची सही बघतील. त्यांच्या वरचे त्यांची."
म्हणजे मी काय बोलले ते कुणीही वाचणार नाही, आणि दर खिडकीला ते जास्त जास्त खरं होत जाणार. काय सोय आहे!
रांगेतले एक आजोबा चौथ्यांदा आले होते. फोटोत कान दिसत नाहीत म्हणून कागद परत. माझं काम पाच मिनिटांत झालेलं बघून म्हणाले, "नशीब काढलंत."

२४ जून
परराष्ट्र खातं. एका सकाळीत आटपलं. निदान शाई तरी पसरायची! तीही नाही. खिडकीतल्या बाईनं शेजारणीला फाइल दाखवली — "बघ, कागद असे आणावेत."
मान डोलवली मी. कौतुक झालं की डोलतेच ती.

२५ जून
खारूनं फाइल हातात तोलून पाहिली. "मावशी, कागदावर मी बरीच जाड झालेय." दोघी हसलो. ती जरा आधीच थांबली.

३० जून
वकिलातीचा शिक्का बिनशाईचा. नुसता उठाव, बोट फिरवलं तरच कळतो. झालं! उद्या कुरिअर.
घरी आले तर खारू भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली,
"आमच्या वर्गातल्या एकीच्या कागदांना आठ महिने लागले. तिची आत्या मुद्दाम काहीतरी विसरायची म्हणे."
"बरं, मग?"
"काही नाही. तुला महिनासुद्धा नाही लागला."
"अगं, मला चुका नाही करता येत."
"माहितेय." आणि कोरडी झालेली वाटी पुसतच राहिली.
मी तिच्यासाठी धावतेय असं मला वाटत होतं. तिला वाटत होतं, मी तिला घालवायला धावतेय!

१ जुलै
सकाळी नीट विचारलं — राहतेस?
"आधी का नाही विचारलंस?" इतकंच म्हणाली. दप्तर घेऊन गेली. दारातून एकदा वळून पाहिलं.
कुरिअरला गेले नाही. धाकटीला लिहायला बसले. साधं लिहिलं की अक्षर हलतं, म्हणून अर्जच केला.

विषय : मुलीस दहावी होईपर्यंत इथेच राहू देण्याबाबत.
महोदया,
वरील विषयास अनुसरून कळवते की, प्रतिज्ञापत्रावरचे चारही शिक्के खरे आहेत. आतलं तिसरं वाक्य खोटं आहे. ते मी शपथेवर खोटं बोलले.
पुरावा : जोडलेला नाही.
तू आई आहेस, खोली रंगवलीयस, कागद सगळे तुझ्या बाजूचे आहेत. तू नाहीच म्हणणार, हे लिहितानाही दिसतंय मला. तरी विनंती आहे —
दोनच वर्षं गं.