अक्काच्या टाचेखालचा उतार

३ नोव्हें. ९७, सोम. जळगाव
दिवाळी आटोपून शिंदखेड्याहून परत. पिशवीत बहिणीच्या, अक्काच्या पायाचा प्लास्टरचा साचा, धुळ्याच्या डॉक्टरांनी घेतलेला. पोलिओमुळे तिचा उजवा पाय आखूड. बुटात घालायची चामड्याची टाच लगेच दबते. मी फुशारकीने बोलून बसलो, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर घडवून प्लास्टिकची कापून देतो. आता निस्तरा.
गावच्या शाळेत तिला बाई म्हणून घेतायत. दिवसभर उभं राहता येईल का, एवढंच विचारलंय. १ डिसेंबरला उत्तर द्यायचं.

६ नोव्हें.
साच्यावर जागोजागी मोजणीची सुई टेकवून मापं घेतली, कॉम्प्युटरमध्ये घातली. माझा प्रोग्रॅम म्हणजे बारीक ठोकळ्यांची रास. हवे तिथे भरायचे, नको तिथले काढायचे. तळपायाचा खळगा झकास उतरला. पण टाचेकडून पुढे येणारा उतार... नुसता जिना. ठोकळा एक तर आहे, नाही तर नाही. तिरकं त्याला कळतच नाही.
ठोकळे निम्मे केले. पायऱ्या बारीक झाल्या, गेल्या नाहीत. आणखी बारीक केले तर कॉम्प्युटर अडकला, मग लाइटच गेली. घरी आलो.

१० नोव्हें.
तसंच कापून कानशीने घासलं. गुळगुळीत झालं, पण कोन गेला, एक बाजू बसली. शेठ हातात घेऊन म्हणाले, "वापरलेली साबणाची वडी का रे?" शेठना विनोद सुचतात तेव्हा कारखान्यात काम नसतं. दुपारनंतर मशीन वापरायची मुभा त्यांचीच, म्हणून हसलो.

१३ नोव्हें.
डोकं चाललं! अख्खा तुकडाच कलता मांडला. उतार ठोकळ्यांच्या ओळीत आला, एकदम सपाट. लगेच कापला. टेबलावर ठेवला तर डुगडुगतोय. वरच्या पायऱ्या सगळ्या तळाला गेलेल्या. गाढव आहे मी. जेवलो नाही.

१६, रवि. शिंदखेडा
कंटाळून बारीक पायऱ्यांचाच एक तुकडा आणला. मोज्यातून काय टोचणार, असं वाटलं. अक्का सकाळी घालून बाजारात गेली, दुपारी आली. मोजा काढताना कातडीला चिकटलेला दिसला.
"सांगितलं का नाहीस?"
"माले वाटनं, सवय हुई जाई."
फार लाज वाटली.
संध्याकाळी वडील, आबा, ओट्यावर शेजाऱ्याशी पिकाचं बोलत होते. "वरनं वावर आठ आना शे, खालनं बारा आना." आमच्याकडे पीक आलं की गेलं असं कोणी म्हणतच नाही. सोळा आणे म्हणजे भरभरून, बाकी सगळं मधलं. लहानपणापासून ऐकतोय. आज चहाचा कप हातातच राहिला. कडेचा ठोकळा भरलेला की रिकामा, असं का विचारतोय मी? तो आठ आणे असेल. चार आणे असेल.

२१ नोव्हें.
प्रोग्रॅम जवळजवळ नव्याने लिहिला. प्रत्येक ठोकळ्याला आणे. भरणं जिथे आठ आण्यांवर, म्हणजे बरोबर अर्ध्यावर येतं, तिथून पृष्ठभाग न्यायचा. उतार आला! वर गुळगुळीत, तळही सपाट. मागची तीक्ष्ण कड जरा गोल झाली, होऊ दे. बोटं फिरवत बसलो. शेठ म्हणाले, "मग हे आधीच का नाही केलंस?" डोळे चुरचुरतायत.

२९, शनि.
अक्का स्वतःच जळगावला आली. नवी टाच घालून मेहरूण तलावाच्या काठाने चाललो. परत आल्यावर पाय बघितला, कुठे लाली नाही. पण तिची कंबर धरली होती, मध्ये दोनदा बसली. धुळ्याला डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, इतकी वर्षं शरीर आखूड पायाच्या हिशोबाने बसलंय. सुटेल, कदाचित नाही सुटणार. आत्ता सांगता येत नाही.
सोमवारी उत्तर द्यायचं.
एस.टी. स्टँडवर तिने विचारलं, "भाऊ, मी काय सांगू त्यास्ले?"
मी म्हणालो, "टाच आता टोचणार नाही." तिने ते विचारलंच नव्हतं.
गाडी लागली. जुनी चामड्याची टाच काढून पिशवीत ठेवली होती, ती तिने तिथेच राहू दिली. नवी घालूनच चढली. बसायला जागा नव्हती, दांडा धरून उभी राहिली.