आबांच्या सफारीचा स्कर्ट

तीर्थस्वरूप मनकर्णाआक्कांना,

केडगावहून सत्यशीलाचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. उठताना कमरेत उसण भरली, पण नमस्कार पोचला असं धरा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? दाजींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे बंधूही ठीक आहेत, म्हणजे कंपनीतून येतात, जेवतात आणि झोपतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी याहून जास्त बातमी त्यांच्याबद्दल माझ्याकडे कधीच नसते.

या जमान्यात पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर गेले वीस दिवस मी फोन करते आणि तुम्ही तो कापता. (घरात कापाकापी एकटी सत्यशीलाच करते, असं तुम्ही चारचौघांत सांगता म्हणून आठवण केली.) व्हॉट्सॲपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे संगमनेर शांत. शेवटी पोस्टात जाऊन पाकीट मागितलं. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हत्तीचं पिल्लू मागितलंय.

मुद्द्यावर येते. तुमच्या भिशीच्या ग्रुपवर जो एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ आला, ज्यात आपले आबा, तुमचे सख्खे वडील, केडगावच्या स्टॉपवर एका कॉलेजच्या मुलीच्या स्कर्टकडे बोट दाखवून ‘अगं, ती माजी प्यांट हाय!’ असं ओरडतायत, तो व्हिडिओ खरा आहे. वाक्यही खरं आहे. आणि आक्का, प्यांटसुद्धा खरोखर त्यांचीच होती. आता सुरुवातीपासून वाचा. मध्येच पत्र फाडू नका, फोनसारखं ते पुन्हा लागत नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी पिको-फॉल करायचे. पण आता निम्म्या बायका फॉल लावलेल्याच साड्या आणतात आणि उरलेल्या निम्म्या ड्रेस घालतात. मशीन नुसतं बसून होतं. तेवढ्यात आपली बनुबाई बोहारीण दुपारी ओट्यावर टेकली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी, तीच. तिचं गाठोडं उघडं होतं आणि त्यात एक इरकल दिसली. पदर फाटलेला, पण अंग असं की हात फिरवत राहावं. मी ती मागून घेतली आणि सहा कळ्यांचा स्कर्ट शिवला. मग मला वेडच लागलं. बनुबाई गाठोडं आणायची, मी निवडायचे. (शेजारणी म्हणायच्या, सून भंगारात गेली.) सुरुवातीचे प्रयोग सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगते. एक स्कर्ट पडद्याचा केला, त्यात लोखंडी कड्या काढायच्या राहिल्या, तर मी चालले की टांग्याचं घोडं येतंय असं वाटायचं. दुसरा मांडवाच्या सॅटिनचा केला. कापताना मी उलट्या बाजूने पाहिलं होतं. तो घालून दळण आणायला गेले, तर गिरणीवाल्याने न मागता पहिला नंबर दिला. घरी आल्यावर कळलं, माझ्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘सुस्वागतम्’ आलंय.

पण खरा शोध लागला तो खिशाचा. आक्का, आपल्या कपड्यांना जे खिसे असतात त्यांत फार तर लवंग मावते. पुरुषांची जुनी पँट उसवली, तिचा कमरेचा भाग तसाच ठेवला आणि खाली साडीच्या कळ्या जोडल्या की असा स्कर्ट होतो, ज्याच्या खिशात मोबाईल, किल्ली, पाकीट आणि अर्धा वडापाव एकदम जातो. पुण्या-नगरच्या पोरींना हे कळलं मात्र, आपल्या ओट्यावर रांग लागली. काकासाहेबांची लेक संस्कृती, आपल्या मागच्या गल्लीतली, त्यात पहिली. ती म्हणाली, काकू, मला भरपूर खिसे पाहिजेत.

आणि त्याच आठवड्यात बनुबाईच्या गाठोड्यात राखाडी टेरिकॉटचा सफारी आला. वर चार खिसे, खाली तीन. डांबरगोळ्यांचा वास मारत होता, पण कापड असं की गोळी झाडली तर परत येईल. मी देवाचे आभार मानले आणि कात्री लावली. हा सफारी मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता, हे तुम्ही लक्षात घ्या. तो आबांच्या पेटीत तळाशी असायचा आणि ती पेटी ते कुणाला उघडू देत नाहीत. (निदान मला तरी.) कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे कामगारांच्या हजेरीवरून, ते निवृत्त झाले त्या दिवशी एकदाच घातला आणि नंतर ‘पुढच्या प्रसंगाला’ म्हणून ठेवला. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या मंगळवारी सकाळी आबा नेहमीप्रमाणे स्टॉपवर चहाला गेले. समोर संस्कृती उभी. तिच्या कमरेला त्यांची पँट, तिच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या शर्टाचे खिसे आणि खाली जांभळी इरकल. आबांनी आधी चष्मा पुसला. मग जवळ गेले, आणि मग ते वाक्य बोलले. मुलगी घाबरली. म्हणाली, “आजोबा, हा स्कर्ट आहे, मी काकूंकडून शिवून घेतलाय.” आबा म्हणाले, “डाव्या खिशाच्या आत बघ, शाईचा डाग आसंल!” पण ही दोन वाक्यं व्हिडिओत नाहीत, कारण तोवर काढणाऱ्याची बस आली होती. माणसं जमली, कुणी आबांचा दंड धरला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, आक्का. कुणाच्याही लेकीबाळींवर कधी आवाज न चढवलेल्या माणसाला.

ते घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीवर बसले. मी तशीच बनुबाईला गाठायला स्टँडवर गेले. सफारी कुणी दिला विचारलं. ती आधी म्हणाली, आठवत न्हाई. मग तिला चहा पाजला तेव्हा आठवलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते : “तुजी नणंद न्हाई का, संगमनेरची? दिवाळीला आल्ती तवा. तू दळणाला गेल्ती. त्यांनीच पेटी उघडली, म्हनल्या, आबा काय घालत न्हाईत, कुजतंय नुसतं. आन् वर पातेलं लई जड मागितलं, मी दिलं.”

मी परत आले. आबांनी विचारलं, “माजा सफारी तू काढलास?” मी हो म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. (त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. संध्याकाळपर्यंत तो ओसरला आणि राग तेवढा उरला.) आबा एवढंच म्हणाले, “इचारायचं तरी हुतं.” त्यापुढे नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असेल तर रिकामा तांब्या वाजवायचे.

त्याच संध्याकाळी काकासाहेब चार माणसं घेऊन आले. रागाने थरथरत होते, तरी पाचही जणांनी चहा घेतला आणि एकाने साखर मागितली. म्हणणं असं, की आबांनी त्याच स्टॉपवर सगळ्यांसमोर माफी मागावी. मी मध्ये बोलायला गेले तर तुमच्या बंधूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. (अकरा वर्षांत त्यांनी घेतलेला हा एकमेव ठाम निर्णय, आणि तोही चुकीचा.) मला वाटलं आबा आता खिशाचं सांगतील, डागाचं सांगतील. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं माजं.” बस. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. चहा बंद, पेपर बंद. मी मशीनवर कापड टाकून ठेवलं. मला शिवायचीच भीती वाटायला लागली. कुणाचं काय कापतेय कोण जाणे.

दहाव्या दिवशी संस्कृती आली. तिला दुसरा स्कर्ट हवा होता. बापाने काय केलं हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तशी ती उठली, घरी गेली आणि काकासाहेबांना हाताला धरून, अक्षरशः ओढत घेऊन आली. स्कर्ट तोच घातला होता. आबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि डावा खिसा उलटा करून बाहेर काढला. “पप्पा, बघा. शाईचा डाग. आजोबा खरंच बोलत होते.” डागाच्या बाजूला आणखी एक गोष्ट होती. बोटभर रफू, हिरव्या दोऱ्याने, राखाडी कापडावर. मी शिवताना तो पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, काय गबाळी बाई असेल.

आबांनी त्या रफूवर बोट ठेवलं. म्हणाले, “ह्यो भीमीनं केला. निरोपाच्या दिवशी सकाळी खिळ्याला अडकून फाटला. घरात दुसरा दोराच नव्हता. म्हनली, आत हाय, कोन बघतंय?” सासूबाईंना आबा ‘भीमी’ म्हणायचे हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला माहीत होतं का? काकासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग आबांच्या पाया पडले. मी पदर डोळ्यांना लावणार, एवढ्यात आबा मुलीला म्हणाले, “वळ बघू जरा.” ती वळली. “मागं झोळ पडतोय. कंबर अर्धा इंच आत पायजे. हिला शिवता येत न्हाई नीट.” नऊ दिवसांनी माझ्याविषयी काढलेला हा पहिला शब्द. मला इतका आनंद झाला की मी भांडलेसुद्धा नाही.

स्कर्ट परत द्यायला संस्कृती तयार होती. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पेटीत काय फिरत नव्हता त्यो.” दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब त्यांना घ्यायला आले आणि दोघांनी त्याच स्टॉपवर, सगळ्यांसमोर चहा घेतला. त्याचाही व्हिडिओ मी काढला आणि एका शेजारणीकरवी तुमच्या ग्रुपवर टाकला. अकरा वेळा उघडला गेला. त्यातल्या चार वेळा मीच.

आता आबा रोज माझ्याजवळ ब्लेड घेऊन बसतात आणि जुने कपडे उसवतात. दोरा न तुटता सबंध पँट सोडवतात, हात बघण्यासारखा आहे. आमच्यात सगळं छान आहे. तेव्हा तुम्ही मनात काही ठेवू नका, मीही ठेवलेलं नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा आणि माझा फोन उचला.

तुमची भावजय,
सत्यशीला

ता. क. : छान आहे असं वर लिहिलं ते नमस्काराच्या पत्रात शोभावं म्हणून. आक्का, कृपा करून आबांना पंधरा दिवस संगमनेरला बोलवा. त्यांनी ओट्यावर टाइम ऑफिस उघडलंय. मापाला पोरी पाच मिनिटं उशिरा आल्या तर परत पाठवतात. मी मशीनवरून उठले की ‘कुटं?’ विचारतात, आणि जेवणाची सुट्टी झाली की ताट वाजवतात. परवा वाळत घातलेली तुमच्या बंधूंची चालू पँट उसवून ठेवली, ते लुंगीवर कामाला निघाले होते.

ता. क. दुसरा : बोलावणं येत्या रविवारपर्यंत आलं तर पातेल्याचा विषय मी कायमचा विसरेन.

ता. क. तिसरा : 

मने, मी आबा लिवतोय. हिनं पाकीट चिकटवाया माज्याकडं दिलं. मी आधी वाचलं. मी येनार न्हाई. इथं काम लई पडलंय. सफारी तू दिलास, तर आता जावईबापूंचे दोन पाठव. त्यांना सांगू नको. टेरिकॉट आसंल तरच, सुती नको. पातेलं ऱ्हाऊ दे तुला, पर खिसे तपासून पाठव म्हंजे घोटाळा न्हाई. हिला म्हनावं, भीमीला लावलेला ‘गबाळी’ शबूद खोडला मी.