तू काही प्यायली नव्हतीस

आई, त्या दिवशी तुझ्या पोटात काय झालं होतं, ते मला आता नीट सांगता येईल. तू शाळेत संस्कृत शिकवायचीस आणि घरी मला. तू पोळ्या लाटताना माझं एखादं शब्दरूप चुकलं की लाटणं थांबायचं. "करपलेली पोळी खाता येते, रूप करपलं तर काय करशील?" आज मी यवतमाळला सूक्ष्मदर्शकाखाली रोग्यांच्या शरीरातून काढून तपासायला आलेले मांसाचे तुकडे बघते. तेव्हा जरा मी शिकवते, तू ऐक. मध्ये चुका काढू नकोस.

गर्भनलिकेचं काम वाट देण्याचं. तिच्या अस्तरावरचे बारीक केसांसारखे तंतू गर्भाला हळूहळू गर्भाशयाकडे सारतात. त्याला धरून ठेवायचं काम गर्भाशयाच्या अस्तराचं, तेही महिन्यातले मोजके दिवस. तेवढ्यापुरते त्याच्या पेशींवर पकड घेणारे रेणू येतात. नलिकेला कधी जंतुसंसर्ग होऊन गेला, बाईला पत्ताही न लागता, तर तंतू झडतात आणि तेच रेणू भलत्या जागी, नलिकेतच, दिसू लागतात. गर्भ वाटेतच चिकटतो. सगळं अजून कळलेलं नाही, पण एवढं दिसतं. पुस्तकात याला आसंजन म्हणतात. शब्द तुला आवडला असता. गर्भाचा काही दोष नाही, पकड मिळाली तिथे तो वाढतो. नलिका मात्र अरुंद. ती फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात साचत जातं.

कपाशीवर अळीनं धुमाकूळ घातलेली ती वर्षं. आपल्या आर्णीच्या आसपास सारखं कुणीतरी औषध प्यायल्याचं कानावर यायचं. फवारणीच्या विषाला आपल्याकडे औषधच म्हणतात. तू दोन दिवस पोट धरून गप्प होतीस, मला वाटलं रुसलीस. चाळिशी उलटलेली, पाळी चुकली ती वयानं, असं तुला वाटलं असणार. रविवार आहे. तू शेतावर डबा घेऊन पुढे, मी मागून पाणी घेऊन येते, तर तू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेली, घामानं थंडगार, ओकत. हाताच्या अंतरावर बाबांच्या फवारणीच्या औषधाचा डबा, झाकण उघडं. बाबा धावत येतात. "काहून पेलं तुनं? सांग ना, कायले पेलं?" एरवी त्यांचं 'काहून' तू वहीतल्या चुकीसारखं दुरुस्त करायचीस. त्या दिवशी त्यांच्याच बोलीत म्हणालीस, "म्या काही नाही पेलं. खांदा दुखून राह्यला माहा."

दवाखान्यातही तू तेच सांगत राहिलीस. सिस्टर म्हणाल्या, "सगळ्या असंच म्हणतात, भाऊ. धरा तिले." नाकातून नळी घालून तुझं पोट धुतलं. त्या विषानं डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तुझ्या मोठ्या होत्या. मी उशाशी होते, मला अजून दिसतात. पोटातलं रक्त पोट आणि छातीमधल्या पडद्याला टेकलं की खांदा दुखतो, हे मी फार उशिरा शिकले. होता तेवढा वेळ पोट धुण्यात गेला. शवविच्छेदन झाल्यावर पोलीस बाबांना म्हणाले, "विष निघालं नाही. केस नाही, जा." बाबांना वाटलं, दया करून सोडलं. तू औषध प्यायलीस याच समजुतीत तेही गेले, आणि त्यांच्या ट्रंकेत मला शवविच्छेदनाचा इंग्रजी कागद सापडला. उजवी नलिका फुटलेली, पोट रक्तानं भरलेलं. त्यांनी तो कुणाकडून वाचूनसुद्धा घेतला नव्हता.

हे पत्र त्याच कागदाच्या घडीत राहील. मनात होतं की सिस्टरवर रागवावं, डॉक्टरांवर रागवावं, एखादा चांगला शाप संस्कृतातून द्यावा. जमत नाही. डॉक्टर तरुण होते, आणि नळी घालण्याआधी ते थांबले होते. तुझ्या पोटावर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "तू होतीस ना सोबत? खरंच प्याली का ती?" दहावीतली मुलगी, मास्तरणीची, माझ्या शब्दाला वजन होतं. मी काही पाहिलं नव्हतं. मी हो म्हणाले.