शुक्रवारचं तीर्थ

६ फेब्रुवारी, शुक्रवार
एकदाची हनमकोंड्यात आले, चार वर्षांच्या लास्याला घेऊन. नवरा दुबईत, सासूचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. वसुंधराअम्मांनी त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी दिली, वर स्वतःच्या माडीवर खोलीही. इथे भाजलेल्यांसाठी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं मलम बनतं. जंतू पटापट मरतात. असे कण घातलेलं पाणी पिवळं दिसतं. मीठ टाकलं की करडं पडतं. हा पहिला धडा अम्मांनीच दिला.

संध्याकाळी अम्मांकडे दर शुक्रवारची पूजा झाली. केशराचं पिवळं तीर्थ कामावरच्या सगळ्यांनी तळहातावर घेतलं, प्यायलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थप्रसाद एकट्याने घेऊ नये, म्हणून मी लास्यासाठी बाटलीत मागून घेतलं. अम्मा म्हणाल्या, घे की गं, मागतेस काय, पोरीचा मान पहिला.

२७ फेब्रुवारी
लास्या त्यांना अम्मम्मा म्हणते, आजी. त्या तिच्यासाठी सकिनालु, तांदळाची कडबोळी, तळतात आणि दर शुक्रवारी विचारतात, पोर तीर्थ नीट पिते ना, चमचाभर की वाटीभर? माझ्या सख्ख्या आईने एवढी चौकशी केली नव्हती. स्वतः मात्र तीर्थ डोळ्यांना लावतात, डोक्याला पुसतात, पीत नाहीत. निर्जळी उपास असेल.

१० एप्रिल
उंदरांना चांदी पोटातून देतो. त्यांचे कान करडे पडलेत. अंगात साचलेली चांदी उन्हाने काळवंडते आणि मग जन्मभर निघत नाही. अम्मा कुरकुरत होत्या, उंदरावरून माणसाचं काय कळणार कप्पाळ.

१५ मे
लास्याच्या नखांच्या मुळाशी निळसर छटा. दिवसभर अंगणात उन्हात हुंदडते, कुठेतरी शाईत हात घातला असेल. साबणाने घासलं. गेलं नाही. रडली बिचारी.

१६ मे
डाळीच्या पप्पूत मीठ घालताना हात थांबला. बाटलीतलं तीर्थ वाटीत ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं. केशराला मिठाने काही होत नाही.

करडं झालं.

खाली गेले. अम्मा भाजी निवडत होत्या. वाटी त्यांच्यापुढे ठेवली. नाही म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, मलमातली चांदी जखमेतून अंगात गेली तर काय होतं, हे माणसावर पाहायला नको का? परकं कोण तयार होतंय? तुम्ही माझी घरची माणसं. मी विचारलं, आणि लास्या? त्या म्हणाल्या, लहान मुलाचं कळायचा मार्गच नव्हता. बाटली मी नाही गं दिली, तू मागितलीस.

केसाने गळा कापला बाईने. मी तिला आई म्हणत होते.

१७ मे
डॉक्टर म्हणाले, जगेल, पण रंग जाणार नाही. आता ओठही —
माझी हिरडीही तशीच. माझं मरू दे.
बॅग भरली. रिक्षा येईल इतक्यात.

दार वाजतंय. तिचा आवाज. लाडाने हाक मारतेय, जायच्या आधी तीर्थ घेऊन जा म्हणतेय —

लास्या धावली. कडी पोचते तिला. मी ओरडले, नको — ती हसली. तीर्थाला नाही म्हणू नये, मीच शिकवलंय. दार उघडलं, इवलासा उजवा तळवा पुढे केला आणि