भिंतीला पाजलेलं पाणी

माय,

काल आपल्या साखर कारखान्यानं हवेलीचा दिवाणखाना उघडला आणि मला दारातूनच परत पाठवलं. तू गेल्यापासून तुझ्याशी बोलायचं टाळत होते. आज राग मावत नाही, म्हणून लिहिते.

"सभासदांनी मागल्या दारानं या. इथून पाव्हणे जायलेत," वॉचमन म्हणाला.

"ह्या भिंती माझ्या आईनं भिजवल्यात."

"मग मागून बघा की ताई, भिंत तीच हाय."

मागच्या खिडकीतून पाहिलं. छतावरची सोनेरी वेलबुट्टी पुन्हा उजळलीय. झुंबरं, उंच आरसे, मखमली पडदे. आणि तुम्हा बायांची चुन्याची भिंत, घोटून घोटून गुळगुळीत झालेली. इतकं देखणं झालंय की मला आणखीच राग आला.

आठवतं, चेअरमनसाहेब वस्तीवर आले होते? म्हणाले, जहागीरदाराची हवेली कारखान्यानं घेतलीय, वार्षिक सभा आता दिवाणखान्यात होईल, सभासद गालिच्यावर बसतील, तेव्हा बायांनी श्रमदान करावं. आबा वारल्यावर त्यांचा कारखान्याचा शेअर तुझ्या नावावर झाला होता. सगळ्यांच्या आधी तूच पदर खोचलास.

त्या उन्हाळ्यात केजहून येणारा टँकर आधी हवेलीवर रिता व्हायचा, उरलं तर वस्तीवर. हैदराबादचा मिस्त्री बजावायचा, "मावशी, चुना प्यासा राहिला तर भिंत तडकते." भिंत चिवट व्हावी म्हणून चुन्यात गूळ पडायचा, उडदाची डाळ पडायची. आपल्या चुलीवर तेव्हा बिनगुळाचा चहा उकळत होता. दिवसभर तू भिंतीवर पाणी मारायचीस आणि संध्याकाळी रिकामी कळशी घेऊन घरी यायचीस. मी कॉलेजातून आलेली, तोंड धुवायला थेंब नाही.

"एक कळशी घरी कावून न्हाई आणलीस?"

"भिंतीचं पाणी हाय ते, सुमे. भिंत तडकली तर सभा कुठं भरवायची?"

का एवढा विश्वास टाकलास त्यांच्यावर? माझ्या तहानेपेक्षा त्यांचा शब्द मोठा होता का?

काल परतताना साहेब समोर आले. "पदवीधर झालीस, लई चांगलं झालं. सभा मात्र कारखान्याच्या शेडमधीच घेऊ. तुमच्या पायांनी गालिचा खराब होतो, पोरी." माझ्या पदवीचं कौतुक आणि आपल्या पायांची किळस, एकाच दमात.

शेअर आता माझ्या नावावर आहे. येत्या सभेत मी उभी राहणार आणि पहिलाच ठराव मांडणार: सभा ह्या शेडमधून उठवा, दिवाणखान्यात भरवा. श्रमदानाला आलेल्या सगळ्या बाया माझ्यामागून चालणार आहेत. शेजारची रखमाकाकू तर म्हणाली, "पाय धुवायचे न्हाईत कुणी. तसंच जायचं."

मी तुझ्या भिंतीला पाठ टेकून बसेन, माय. कुणी उठवायला आलं तर सांगेन, हिनं आमच्या घरचं पाणी प्यायलंय.

रिकाम्या कळशीवरून तुझ्याशी भांडलेली,
तुझी सुमन